दोन मशीन, एक जू

चांगदेवच्या धाकट्या मुलीचं जावळ काढलं त्या सालची ही गोष्ट. साल दोन हजार तेवीस. जावळ माघात काढलं, आणि पुढं मार्चातल्या एका गुरुवारी चांगदेव आपल्या घरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी पिकअपमध्ये घालून खुटबावहून केंदूरला, सासुरवाडीला निघाला. पिकअप डेअरीची होती. दुपारी बाराच्या आत परत आणून लावतो, असं तो साहेबाला सांगून आला होता. इन्व्हर्टर उतरवायचा, चहा घ्यायचा, निघायचं. आदल्या रात्री धाकटीच्या रडण्यानं झोप झालेली नव्हती, आणि चहाशिवाय सासुरवाडीकडून त्याची दुसरी काही अपेक्षाही नव्हती.

कारण असं होतं. सासूबाईंची, सोजरबाईंची फुप्फुसं करोनात कामातून गेली होती. दोन वर्षं खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं आणि त्याची नळी सोजरबाईंच्या नाकात होती. मशीन लाइटवर चालायचं. ते अर्धा तास बंद राहिलं की त्यांचे ओठ निळे पडत. घरातला इन्व्हर्टर मशीनला तीन तास ओढायचा, आणि लाइटच्या रोजच्या जाण्यायेण्याला तेवढा पुरायचा. पण त्या गुरुवारी तारा बदलायच्या म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच लाइट बंद राहणार, असा निरोप गावात आला. सात तास. म्हस्कूआप्पांनी, म्हणजे चांगदेवच्या सासऱ्यांनी, बोटं मोजली. घरचा इन्व्हर्टर तीन तास, जावयाचा तीन तास, आणि कोपऱ्यातला छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर एक तास. सात भरले. आप्पांनी लेकीला फोन केला, लेकीनं नवऱ्याकडं बघितलं, आणि नवरा पिकअप मागायला गेला.

आता चांगदेवची एक अडचण होती, ती इथंच सांगितलेली बरी. त्याचं स्थळ केंदूरला आलं तेव्हा मध्यस्थानं सांगितलं होतं, मुलगा आयटीआय झालाय. कुठल्या ट्रेडला, हे कुणी विचारलं नाही. केंदूरच्या माणसांच्या डोळ्यांपुढं आयटीआय म्हटलं की पक्कड आणि टेस्टर येतो. चांगदेव बेकरीचा आयटीआय होता. वर्षभर त्यानं पाव, खारी आणि नानकटाई केली होती. पुढं भट्टी टाकायचं राहून गेलं आणि तो डेअरीत दुधाचं फॅट बघायला लागला. लग्नाला नऊ वर्षं झाली. तेवढ्या काळात त्यानं सासुरवाडीतला एक मिक्सर, दोन पंखे आणि देव्हाऱ्यातली दिव्यांची माळ दुरुस्त केली होती. मिक्सर हलवल्यानं चालू झाला होता, पंखे लाइट आल्यानं, आणि माळेचं काय झालं ते त्यालाही कळलं नव्हतं. खरं काय ते फक्त बायकोला, सारिकाला ठाऊक होतं, आणि तिनं माहेरी तोंड उघडलं नव्हतं.

साडेआठला पिकअप अंगणात लागली. मेहुणा भारत बॅटरी उतरवायला पुढं आला.

"दाजी, मायाला बोलवलंय. ती देईल जोडून."

ओट्यावरून आप्पा म्हणाले, "घरात आयटीआय आल्यावर बाहेरचं माणूस कशाला?"

"मामा, मला बाराच्या आत गाडी पोचवायचीय," चांगदेव म्हणाला.

"मंग तर लगेच घ्या करायला. तुम्हाला असं कितीसं लागतंय?"

चांगदेवनं 'होईल की' असं म्हटलं. जावयानं सासऱ्याला दुसरं काय म्हणायचं?

तेवढ्यात माया आलीच. ती विहाराजवळ राहायची. शिरूरच्या आयटीआयला तिनं वायरमनचा ट्रेड केला होता, आणि चौकात तिचं जळक्या मोटारींची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी तिच्या हातून गेलेल्या. तिनं स्कूटी लावली, दोन्ही इन्व्हर्टर आणि दोन्ही बॅटऱ्या एकदा न्याहाळल्या.

"आप्पा, दोन मशीनं एका बोर्डात घालायची न्हाईत. बॅटऱ्या प्यारल करायच्या. प्लसला प्लस, मायनसला मायनस. मशीन एकच चालवायचं. दुसरं राहू द्या बाजूला."

आप्पांना ते रुचलं नाही. "एवढं लांबून पाव्हण्यांनी मशीन आणलं आन् त्यांचंच बाजूला ठिवू? पंगतीत बसवून ताट न वाढल्यासारखं दिसंल ते."

"मंग तुमचं ठेवा बाजूला, दाजींचं चालवा."

"आन् घरधनी उपाशी?"

माया चांगदेवकडं वळली. "दाजी, तुम्हीच सांगा. तुम्हाला तर ठावंच असंल."

सगळे चांगदेवकडं बघायला लागले. खाटेवरून सोजरबाईसुद्धा. चांगदेवला बोलण्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला.

"प्यारल," तो म्हणाला. "प्यारलच करायचं."

"तेच म्हणते मी," माया म्हणाली. तिला हायसं वाटलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ओढ्याकडच्या मळ्यात कुणाची तरी मोटार जळाली होती, आणि दहाच्या आत ती लावायला हवी होती. "जाऊ का मी?"

"जा बाय. घरचं माणूस हाय," आप्पा म्हणाले.

स्कूटी चालू करता करता ती परत म्हणाली, "दाजी, बॅटऱ्या हां. मशीनं न्हाई."

चांगदेवनं मान हलवली. ती वळणाआड गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मामा, ती म्हणती त्यात काहीतरी..."

"पाव्हणं, ती पोर हाय. मी चाळीस वर्षं बैल जुंपलेत." आप्पा ओट्यावरून खाली उतरले. "एकच बैल दिवसभर नांगराला धरला तर दुपारी फतकल मारतो. दोन धरलं तर निम्मं निम्मं वढत्यात, आन् सांजच्याला बी ताजं राहत्यात. तुमचं एक, आमचं एक. वर एक जू. झालं प्यारल."

खाटेवरून सोजरबाई म्हणाल्या, "एक सकाळी धरा... एक दुपारी. दोन्ही एकदम... कशाला?"

"तू बोलू नको. दम लागतो तुला."

"खरं बोललं की... लागतोच."

त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. आजारी माणसाचं बोलणं औषधाच्या वेळेपुरतं ऐकायचं असतं.

चांगदेव गुडघ्यावर बसला. त्याला दोन पिठं एकत्र मळता येत होती. दोन्ही सारखी आंबलेली असली तरच ती एकजीव होतात, एक फुगलेलं आणि एक बसलेलं असेल तर पाव फाटतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मशीनं आंबतात की नाही, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. विचारावं तर कुणाला? विचारणारा आयटीआय कसला? त्यानं खिशाला टेस्टर अडकवला, म्हणजे निदान दिसायला तरी बरं, आणि दोन्ही इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या वायरी नेऊन एकाच बोर्डात कसल्या. कुठल्या इन्व्हर्टरला कुठं ठेवायचं ते आप्पांनी सांगितलं. घरचा जुना उजवीकडं, कारण तो मुरलेला. जावयाचा नवा डावीकडं, म्हणजे तो जुन्याच्या चालीनं शिकेल.

पावणेदहाला सगळं जोडून झालं. लाइट अजून होती, त्यामुळं दोन्ही इन्व्हर्टरचे हिरवे दिवे लागले आणि ऑक्सिजनचं मशीन शांत घरघरत राहिलं. भारतची बायको करिश्मा हळदीकुंकू घेऊन आली. तिनं दोन्ही इन्व्हर्टरला बोटं लावली, तोवर आप्पांनी उंबऱ्यावर नारळ फोडला.

"दोन वर्षं मी इथं पडलीय," सोजरबाई म्हणाल्या. "मला कवा... कुणी नारळ फोडला न्हाई."

"तू काय नवीन हायस का?" आप्पा म्हणाले.

ठरल्या वेळेला, बरोबर दहाला, लाइट गेली.

जुना इन्व्हर्टर एकदा बीप करून ओरडला. नवा दोनदा ओरडला. आप्पा कौतुकानं म्हणाले, "वळख करून घेत्यात." मग दोघांच्या पोटातून एकदमच फाट्कन आवाज आला, कुंकवाच्या बोटांमागून काळा धूर निघाला, आणि दोन्ही हिरवे दिवे विझले. जळक्या रबराच्या वासानं खोली भरली. घरात जे चालत होतं ते सगळं थांबलं. फक्त ऑक्सिजनचं मशीन बारीक आवाजात कोकलत होतं, लाइट नाही, लाइट नाही.

"बैल बुजलं," आप्पा म्हणाले.

करिश्मानं आप्पा आणि चांगदेव दोघांनाही बाजूला सारलं आणि सासूबाईंची नळी सिलिंडरला जोडली. तिला ते रोजच्या सरावानं येत होतं. सिलिंडरचा काटा बघून ती म्हणाली, "तासभर पुरंल. पुढचं बघा काय करताय ते."

भारत मोटारसायकलवर मायाला शोधायला ओढ्याकडं पळाला. आप्पा इन्व्हर्टरला हात लावून परत परत गरम लागतोय का बघत होते. चांगदेव ओट्याच्या पायरीवर जाऊन बसला. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, तेच जास्त जड झालं होतं. जावयाला बोलायची पद्धत नाही, म्हणून बिचारे गप्प होते. आपल्याला हक्कानं बोलेल असं एकच माणूस जगात आहे, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं सारिकाला फोन लावला. रेंजचा एकच दांडा दिसत होता.

"सारिका, गेली बघ."

"काय?"

"गेली. दहालाच गेली. एकदम टायमावर."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी केलं गं समदं माझ्या परीनं. मशीनं बी गेली. काय उपेग झाला न्हाई. माझीच चूक हाय, तू आता मला बोल काय बोलायचं ते."

त्यानं बराच वेळ वाट बघितली, मग फोन कानावरून काढून बघितला. तो एक दांडाही गेला होता. गावातला टॉवर लाइटवरच चालायचा. बायको ऐकून घेऊन गप्प बसली, रागावली नाही, असं वाटून चांगदेवला उलट बरं वाटलं. तिकडं खुटबावला सारिका मात्र गप्प बसलेली नव्हती.

पावणेअकराला माया आली. तिनं दोन्ही इन्व्हर्टरची झाकणं उघडली, आत बघितलं, परत लावली. मग बोर्डातल्या वायरी बघितल्या. मग चांगदेवकडं.

"दाजी, तुमचा ट्रेड कोणता?"

नऊ वर्षं जो प्रश्न कुणी विचारला नव्हता तो विचारायला हीच वेळ सापडली होती. चांगदेवला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"बेकरी," तो म्हणाला.

करिश्मानं पदर तोंडाला लावला. आप्पांनी उजव्या इन्व्हर्टरकडं बघितलं, मग डाव्या.

"म्हंजी..." सोजरबाई नळी सावरत म्हणाल्या, "पाव?"

"पाव, खारी. नानकटाई बी."

सोजरबाई हसायला लागल्या. हसताना दम लागला तरी थांबेनात. शेवटी करिश्माला त्यांची पाठ चोळावी लागली. "सिलिंडर हसण्यात घालवू नका आत्या," ती म्हणाली.

"बेकरीला का डोकं लागत न्हाई?" माया वायरी सोडवता सोडवता म्हणाली. "न्हाई येत म्हणायचं, दाजी."

"नऊ वर्षं उशीर झाला."

बॅटऱ्या शाबूत होत्या. मायानं भारतला सांगून विहारातला इन्व्हर्टर उचलून आणवला. एरवी तो लाउडस्पीकरला आणि दिव्यांना लावत. तिनं दोन्ही बॅटऱ्या प्लसला प्लस, मायनसला मायनस अशा जोडल्या, त्यावर विहाराचा एकच इन्व्हर्टर लावला, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी ऑक्सिजनचं मशीन परत घरघरायला लागलं. सिलिंडरचा काटा तोवर तळाला टेकला होता.

आप्पा शेजारी उकिडवे बसले होते. "पर का बुजलं ते?"

"आप्पा, बैलांचं पाय जुळाया नगं का? एकाचं पाऊल पुढं तवा दुसऱ्याचं मागं. वढायचं सोडून एकमेकालाच वढत बसली."

"मंग जुळवायचं की पाय."

"सेकंदाला पन्नास पावलं टाकत्यात."

"पन्नास?"

"पन्नास."

आप्पांनी थोडा विचार केला. "मग ते बैल न्हवं. आधी सांगायचं हुतं."

चांगदेवनं घड्याळ बघितलं. अजून निघालं तर साडेबाराला पोचता आलं असतं. तो उठून उभा राहिला, आणि पिकअपच्या मागं एक जीप येऊन थांबली. मग जीपच्या मागं एक टेम्पो.

जीपमधून सोजरबाईंचे थोरले भाऊ, कोरेगाव भीमाचे म्हाळूनाना उतरले. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, आणि हातात कागदात गुंडाळलेली हिरवी साडी आणि हिरव्या बांगड्या. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालतात. नाना ती घेऊन आले होते. मागून चुलतभाऊ, वहिन्या, वहिन्यांच्या जावा. नाना आजारपणाच्या दोन वर्षांत एकदाही बहिणीला बघायला आले नव्हते. काम होतं, मग कांदे होते, मग गुडघा होता. आता ते डोळे पुसत, कुणाकडं न बघता, सरळ आत गेले आणि खाटेसमोर उभे राहिले.

सोजरबाई चहा पीत होत्या.

"नाना," त्या म्हणाल्या. "वाट सापडली का?"

नाना तिथंच भुईवर बसले. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. त्यांच्या मागं दारात उभ्या असलेल्या वहिनीनं रडायला घेतलेला सूर मध्येच सोडून दिला, तो कुठं ठेवावा तिला कळेना.

"कुणाला आणली साडी?" सोजरबाईंनी विचारलं.

नानांनी साडीकडं बघितलं. "तुलाच," ते म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"बघू." सोजरबाईंनी कागद सोडला, पदर बोटांनी चोळून बघितला. "काठ बरा हाय. दिवाळीला आणली असती तर... नेसून दाखवली असती."

एवढ्यात तिसरी गाडी आली. सारिका त्यातून उतरली ती अंगणापासूनच हंबरडा फोडत आली, आणि उंबऱ्यावर फुटलेल्या नारळाच्या पाण्यात तिचा पाय घसरला. आईनं आतून विचारलं, "सारिके, लागलं का गं?"

पुढचा अर्धा तास कोण कुणाला काय म्हणालं हे नीट सांगता यायचं नाही. सगळं थोडं निवल्यावर सारिका नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही म्हणाला, गेली."

"लाइट गं."

"मंग लाइट म्हणायचं."

"लाइट गेली असं कोण म्हणतं? गेली म्हणलं की लाइटच."

"आन् वर म्हणाला, माझी चूक हाय, समदं केलं पर उपेग झाला न्हाई."

"ते खरंच होतं."

ओट्यावर बसलेल्या पुरुषांत यावर चर्चा झाली. काहींचं म्हणणं पडलं की जावयाचं बरोबर आहे, 'गेली' म्हणजे लाइटच. म्हाळूनाना म्हणाले की आपल्याकडं लाइट गेली म्हणून आजवर कुणी पायरीवर बसून फोन केलेला नाही. आप्पांनी जावयाची बाजू घेतली, पण त्यांना अजून इन्व्हर्टरबद्दलच बोलायचं होतं.

आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवणार? करिश्मानं पिठलं-भाकरी टाकली. बावीस माणसं होती. मोहोळ उठावं तशी माणसं आली होती आणि आता सगळी मांडी घालून जेवत होती. कुणीतरी चांगदेवला म्हटलं, पाव असते तर बरं झालं असतं, म्हणजे ती बातमी अंगणभर पोचली होती. चांगदेवनं मान खाली घालून जेवण उरकलं. डेअरीच्या साहेबाला फोन लागत नव्हता. बारा कधीच वाजून गेले होते.

सोजरबाई दिवसभर बसून होत्या. एरवी चार वाक्यं बोलल्या की त्या थकायच्या. त्या दिवशी त्या भावजयांशी बोलल्या, चुलतभावाशी बोलल्या, नानांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांचा गुडघा कसा आहे ते विचारलं. नाना ओशाळे होऊन त्यांच्या खाटेच्या कडेला बसून राहिले आणि जायचं नाव काढेनात. माया दोनदा येऊन बॅटऱ्यांचं पाणी आणि वायरी बघून गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा सोजरबाईंनी तिला जवळ बोलावलं.

"बाय, अधनंमधनं... असं मरायला बरं असतं. समदे भेटत्यात."

"असं बोलू नका आत्या," माया म्हणाली, "आन् आता झोपा जरा."

पाचला दहा कमी असताना लाइट आली. बॅटऱ्या तोवर तग धरून होत्या, पण विहाराचा इन्व्हर्टर कुरकुरायला लागला होता. माणसं एकेक करून उठली. सारिका आईजवळ राहिली. चांगदेव दोन जळके इन्व्हर्टर पिकअपमध्ये घालून निघाला, तेव्हा आप्पा गाडीपर्यंत आले.

"पाव्हणं, मनाला लावून घेऊ नका. बेकरी तर बेकरी."

"व्हय मामा."

"एक इचारू का? नानकटाईला काय लागतं?"

चांगदेवनं सांगितलं. आप्पांनी नीट ऐकून घेतलं, आणि त्यात बैलाचं काही येत नाही हे बघून मान डोलावली.

त्यानंतर नाना दर महिन्याला यायला लागले. घरात नवा इन्व्हर्टर आला, तो मायानं दोन बॅटऱ्यांवर जोडला, आणि त्याला हात लावायचा नाही असं तिनं भिंतीवर खडूनं लिहिलं. सोजरबाईंनी ती हिरवी साडी त्या दिवाळीला नेसली.

पुढच्या वर्षी थंडीत डॉक्टरांनीच हात टेकले. त्या दिवशीही चांगदेव केंदूरलाच होता. आप्पा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, आणि भारतला बोलता येत नव्हतं, तेव्हा फोन करायचं काम चांगदेवकडंच आलं. त्यानं पहिला फोन म्हाळूनानांना लावला.

"नाना, मामी गेल्या."

नाना सावकाश म्हणाले, "पाव्हणं, नीट बघून सांगा. लाइट हाय का तिथं?"

"हाय, नाना. मशीन चालूच हाय."

सोजरबाई मंगळवार, तीन डिसेंबर दोन हजार चोवीस रोजी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास केंदूरला राहत्या घरी वारल्या.